खाटेवरून दिसतं ते

कुसुमअक्का गेल्याची बातमी आली तेव्हा मी जोशीआजींची नखं कापत होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. पुण्याजवळच्या भुकूमला आमचं वृद्धनिवास आहे, चौदा माणसांचं. पुढच्या व्हरांड्यात ऊन आलं की आम्ही ही असली कामं काढतो. फोन अक्कांच्या सुनेचा, वैशालीचा होता. "ताई, आई गेल्या," ती म्हणाली. "अर्धा कप चहा घेतला, म्हणाल्या जरा आडवी कर... आणि तेवढंच." मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि नेलकटर पुन्हा हातात घेतला. आजींचा डावा हात अजून राहिला होता. म्हाताऱ्या माणसाचा हात हातात घेतला की काम पुरं झाल्याशिवाय सोडायचा नाही, नाहीतर ते माणूस तसाच हात पुढे धरून बसून राहतं, हे मला अक्कांनीच शिकवलं होतं. मी पाचही नखं कापली, आजींचा हात ओल्या फडक्यानं पुसला, त्यांच्या मांडीवर ठेवला. मग आत गेले आणि मोरीचं दार लावून रडले. पंधरा मिनिटांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवून बातमी सांगितली. मरणाची बातमी आमच्याकडे लपवत नाही. हीसुद्धा त्यांचीच शिकवण.

कुसुम धुमाळ हे नाव वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. सरकारी उपकेंद्रात त्यांनी तीसेक वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. पौड रस्त्यालगतच्या गावांत आज जी माणसं चाळिशीत आहेत, त्यांतल्या कितीतरी जणांना लसीची पहिली टोचणी त्यांनीच दिली. घरची शेती होती, पुढे तिच्यावर बंगले उभे राहिले, मुलानं खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. निवृत्तीनंतर अक्का आरामात बसू शकल्या असत्या. पण त्याच सुमारास आमच्या भागात एक नवी गोष्ट सुरू झाली होती. मुलं परदेशात किंवा दिवसभर ऑफिसात, घरात अंथरुणाला खिळलेले आईवडील, आणि भूगावपासून कासारसाईपर्यंत रिकाम्या बंगल्यांतून निघालेली माझ्यासारख्यांची छोटी छोटी वृद्धनिवासं. माया पुष्कळ आणि माहिती कमी, अशी आमची अवस्था होती. कुठला नियम बदलला, कुठला कागद लागतो, पाठीला जखम व्हायला लागली तर पहिल्या दिवशी काय करायचं, आणि काम करणारी मावशी स्वयंपाकघरात रडत बसली तर तिला कोण समजावणार... हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हाताऱ्यांना सांभाळणारे आम्ही होतो. आम्हाला सांभाळायचं काम अक्कांनी स्वतःहून अंगावर घेतलं.

मी मूळची उदगीरची. नवऱ्याच्या हिंजवडीतल्या नोकरीमुळे सूसला राहायला आले, मीही एका कंपनीत नोकरी करत होते. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात दोन वर्षं घरी काढली आणि मग पुन्हा त्या ऑफिसात मन रमेना. भुकूमला बंगला भाड्यानं घेतला, तीन मावश्या नेमल्या, सात खाटा टाकल्या. आपल्याला जमतंय असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात एका दुपारी फाटक उघडून एक उंच, सडसडीत बाई आत आली. नऊवारी, पायात रबरी चप्पल, केस घट्ट बांधलेले. मागच्या आळीत राहते एवढंच तिनं सांगितलं आणि थेट विचारलं, "रोज चादरी किती धुता?" मी चक्रावले. "रस्त्यावनं जाताना तुमची दोरी बघतीया मी," ती म्हणाली. "सात मानसं हायेत तुमच्याकडं, आन दोरीवर रोज अकरा-बारा चादरी. म्हंजी मानसांना येळेवर उठवत न्हाईत तुमच्या बाया. घड्याळ लावा. दर दोन तासानं इचारायचं, जायाचं का. चादरी निम्म्यावर आल्या न्हाईत तर मला सांगा." मला राग आला होता. कोण ही बाई, असं वाटलं. पण घड्याळ लावलं. तिसऱ्या आठवड्यात दोरीवर चार चादरी होत्या, आणि आमच्याकडच्या एक आजी, ज्या दिवसभर तोंड फिरवून पडून असायच्या, त्या जेवायला टेबलाशी येऊन बसायला लागल्या. अंग कोरडं राहिल्यावर माणसाला माणसांत यावंसं वाटतं, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मग मीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला आणि माझ्यापुढे एक कल्पना ठेवली. आसपास आपल्यासारखी पाच-सहा घरं आहेत, प्रत्येक जण आपापल्या भिंतीआड चाचपडतो आहे, तर आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकच माहिती जावी. मी म्हणाले, लिहून पाठवू. त्या म्हणाल्या, "लिवलेलं वाचतंय कोन? बाया सकाळपास्नं उभ्या असत्यात. ऐकतील." अशा रीतीनं दर बुधवारी चार वाजता त्यांचा आवाज आमच्या फोनवरच्या गटावर यायला लागला. पाच मिनिटांच्या आत. "ऐका. कुसुमअक्का बोलतीया. आज तीन गोष्टी हायेत," अशी सुरुवात. एक सरकारी असायची: नवं परिपत्रक, पेन्शनसाठी हयातीचा दाखला कुठे आणि कसा काढायचा, उपकेंद्रात लसीकरण कोणत्या दिवशी. एक कामाची असायची: उन्हाळ्यात पाणी न मागणाऱ्या माणसाला पाणी कसं पाजायचं, दोन गोळ्या सारख्या दिसत असतील तर डब्या वेगळ्या खोलीत ठेवा, एका घरात खरूज आली आहे, घराचं नाव विचारू नका, आपापल्या माणसांची बोटांची बेचकी बघा. तिसरी गोष्ट सांभाळणाऱ्यांसाठी असायची. कुणाची मावशी आठ दिवस सुट्टीवर जाते आहे, तिच्या जागी कोण जाईल. कुणाकडे एअर बेड रिकामा आहे. कुणी सहा महिन्यांत एकही दिवस घरी गेलेलं नाही, तिला या रविवारी घरी पाठवा, मी येऊन बसते. आणि त्या खरंच जाऊन बसायच्या. सरकारी परिपत्रकं त्या शिसपेन्सिल घेऊन वाचत, शब्दांखाली रेघा मारत. "ह्यातलं 'तदनंतर' काडलं तर निम्मा कागद रिकामा हुतोय," असं म्हणून त्याचं आमच्यासाठी मराठी करत.

पहिले काही महिने हे एकतर्फी होतं. त्या सांगायच्या, आम्ही ऐकायचो. स्वतःच्या घरातलं कुणी बोलत नव्हतं, कारण आम्ही सगळे एकमेकांचे शेजारी होतो तसे प्रतिस्पर्धीही होतो. कुणाच्या घराची वाईट बातमी बाहेर गेली की त्याच्याकडचे नातेवाईक दुसरीकडे चौकशी करणार. हे तुटलं ते माझ्यामुळे, आणि त्यात मला मिरवण्यासारखं काही नाही.

देशमुखआजोबा तेव्हा आमच्याकडे नवे होते. निवृत्त मुख्याध्यापक, विसराळूपण सुरू झालेलं, पण रुबाब कायम. त्यांचा मुलगा नागपूरला. वडिलांना इथे ठेवल्याची बोच त्याला असावी, त्यामुळे रोज फोन करून काही ना काही चूक काढायचा. एका मंगळवारी सकाळी आजोबा न्हाणीघरात घसरले. लतामावशीनं, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या मावशीनं, त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. आजोबा म्हणाले, मला काही झालेलं नाही. मी लतामावशीवर सगळ्यांदेखत ओरडले. आणि मग ठरवलं की मुलाला कळवायचं नाही. एवढंसं तर घसरले आहेत, उगाच तो आकांडतांडव करेल, वडिलांना घेऊन जाईल. बुधवारी दुपारी अक्का आल्या. आजोबा खुर्चीतून उठताना मांडीवर हात ठेवतात हे त्यांनी दारातूनच पाहिलं. "मास्तर कवा पडले?" त्यांनी मला विचारलं. पडले का, असं नाही. कवा पडले.

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोन लाव त्यांच्या पोराला. आत्ता. मी हितं बसतीया." मी म्हटलं, अक्का, काल सांगितलं नाही, आज सांगितलं तर तो विचारेल काल का नाही सांगितलं. "इचारंल की," त्या म्हणाल्या. "खरं त्ये सांग. भ्याले म्हनून सांग. उद्या इचारंल तवा अजून एक दिस वाढलेला असंल." मी फोन लावला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला नाही की धीराचे चार शब्द बोलल्या नाहीत, फक्त समोर बसून राहिल्या. मुलगा पहिली दोन मिनिटं बोलतच होता, मी ऐकत होते. मग तो थांबला आणि म्हणाला, एक्स-रे काढा, मी निघतो. खुब्याच्या हाडाला तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-चार दिवस चालवलं असतंत तर हाड सरकलं असतं. शस्त्रक्रिया झाली, मुलगा महिनाभर आजोबांजवळ राहिला, आणि मी त्यांच्या खाटेवर दुसरं कुणी येणार हे धरून चालले. एक दिवस त्याचा फोन आला, बाबांना परत तुमच्याकडे आणतोय. मी न राहवून विचारलं, का? तो म्हणाला, "आणखी तीन ठिकाणं बघितली. सगळीकडे सांगतात, आमच्याकडे कधीच कुणी पडत नाही. तुम्ही निदान फोन केलात." आजोबा आजही आमच्याकडे आहेत, वॉकर घेऊन चालतात, आणि व्हरांड्यात कुणी अशुद्ध बोललं तर दुरुस्त करतात.

पण त्या बुधवारी अक्कांचं एवढ्यावर संपलं नव्हतं. फोन झाल्यावर त्यांनी लतामावशीला बोलावलं, माझ्या शेजारी खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाल्या, "हिला सगळ्यांम्होरं बोललीस ना, आता सगळ्यांम्होरं ऐक हिचं." लतामावशीनं पदराला हात पुसले. मग म्हणाली की न्हाणीघरातली नळाजवळची फरशी गुळगुळीत झाली आहे हे ती दोन महिन्यांपासून सांगते आहे. तिनं सांगितलं होतं. मला आठवलं. मी ऐकलं आणि विसरले होते. त्या संध्याकाळी अक्कांनी मला फोन हातात दिला आणि गटावर स्वतःच्या तोंडून सगळं सांगायला लावलं: पडणं, लपवणं, फरशी, सगळं. मला वाटलं, संपलं, उद्या तालुकाभर होणार. मग कासारसाईच्या बाळासाहेबांचा संदेश आला. बाळासाहेब म्हणजे धरणाजवळचे शेतकरी, भाड्यानं देण्यासाठी बांधलेल्या खोल्यांत त्यांनी निवास सुरू केलं होतं. मोठ्या आवाजाचा, मिशीवाला माणूस. त्यांचा आवाज त्या दिवशी अगदी बारीक होता. "ताई, आमच्याकडं बी एक आज्जी पडलीया गेल्या हप्त्यात. मी कुनाला सांगितलं न्हाई. आमच्या बी मोरीची फरशी तसलीच हाय." पुढच्या महिन्याभरात आमच्या सगळ्या घरांतल्या न्हाणीघरांना खरबरीत फरश्या आणि धरायला दांड्या बसल्या. एकाच गवंड्यानं सगळ्यांच्या बसवल्या. तेव्हापासून बुधवारी आम्ही एकमेकांना खरं सांगायला लागलो.

अक्कांचं सगळंच गोड होतं असं नाही. त्यांचा शब्द तिखट होता आणि कुठे थांबावं हे त्यांना नेहमी कळायचं नाही. सूसच्या एका बाईंचं निवास होतं, स्वच्छ, सुंदर, भिंतींवर चित्रं. तिथे एका आजोबांना खुर्चीला पट्ट्यानं बांधून ठेवलेलं अक्कांनी पाहिलं. ते उठून रस्त्यावर जायचे म्हणून बांधलं होतं. अक्कांनी तिथल्या तिथे, मावश्यांसमोर, नातेवाइकांसमोर त्या बाईंना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पट्टा सुटला, पण त्या बाई गटातून गेल्या. अक्का वर्षभरानं त्यांच्याकडे इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन गेल्या, बराच वेळ व्हरांड्यात बसल्या. बाईंनी पाणी दिलं, तांदूळ ठेवून घेतले, पण पुन्हा आल्या नाहीत. परतताना माझ्या गाडीत अक्का म्हणाल्या, "बोलले त्ये बरुबर हुतं. तितं बोलायला नगं हुतं." एवढंच. नंतर ते नाव निघालं की त्या विषय बदलत.

साथीच्या काळातले महिने आठवले की आज वाटतं, हा आवाज नसता तर आम्ही निम्मे जण दारं बंद करून पळालो असतो. रोज नवा नियम, नातेवाइकांना आत सोडायचं की नाही, मास्क किती, ताप किती. तेव्हा बुधवारचं रोजचं झालं. अक्का स्वतः सत्तरीच्या घरात, मुलानं घराबाहेर पडू दिलं नाही, म्हणून खिडकीजवळ खुर्ची टाकून दिवसभर फोनवर. आमच्या मावश्या तीन महिने घरी गेल्या नव्हत्या. अक्का रोज त्यांच्यातल्या एकेकीशी पंधरा मिनिटं बोलायच्या, कामाविषयी एक शब्द नाही, गावाकडच्या म्हशीविषयी, पोरीच्या दहावीविषयी. लतामावशी मला नंतर म्हणाली, "त्या पंधरा मिनटांपायी मी टिकले."

आणि मग गेल्या हिवाळ्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत, रस्ता दिसेल अशी लोखंडी खाट टाकली. वैशालीनं शिवणकामाचं दुकान अर्धवेळ केलं आणि सासूचं सगळं स्वतः करायला लागली. दोन बुधवार संदेश आला नाही. आम्ही सगळे धास्तावलो होतो, पण विचारायचं धाडस कुणाला होईना. तिसऱ्या बुधवारी चार वाजता फोन वाजला. आवाज ओळखू येत नव्हता, शब्द एकमेकांत अडकत होते, मध्ये मध्ये वैशाली तोच शब्द पुन्हा म्हणून दाखवत होती. "ऐका. कुसुमअक्का बोलतीया. मी आता खाटंवर हाय. खाटंवरनं दिसतंय त्ये सांगते. येक. पंखा थेट डोक्यावर नको. मानूस आडवं असलं की वारं डोळ्यात जातंय, आन आपन म्हंतो म्हातारीच्या डोळ्याला पानी का येतंय. दोन. पान्याचा तांब्या चालत्या हाताकडं ठेवा. आमच्या वैशालीनं मेलेल्या हाताकडं ठेवला हुता. तीन..." इथे बराच वेळ गेला. "तीन. उचलायच्या आदी सांगा. दोघी बाया एकमेकीत बोलत्यात आन मधी आमाला उचलत्यात. पोटात गोळा येतुया."

मी तो संदेश स्वयंपाकघरात उभी राहून ऐकला. मग बाहेर आले आणि आमच्या चौदा खाटांपाशी फिरले. नऊ जणांच्या डोक्यावर थेट पंखा होता. पाच जणांचं पाणी चुकीच्या बाजूला. दर आठवड्याला मी या खाटांवरून नजर फिरवत होते, आणि अक्काही फिरवत होत्या. आम्हाला दोघींनाही ते दिसलं नव्हतं.

पुढचे तीन महिने दर बुधवारची आम्ही जशी वाट पाहिली तशी आधी कधी पाहिली नव्हती. लगेचच अक्कांनी एक नवीन गोष्ट काढली. सगळ्या घरांतल्या मावश्यांनी दोघी-दोघींनी त्यांच्याकडे यायचं आणि त्यांच्यावर शिकायचं. कुशीवर कसं वळवायचं, खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, तोंड कसं धुवायचं, घास किती मोठा द्यायचा. वैशालीचा नवरा, म्हणजे अक्कांचा मुलगा, चिडला. म्हणाला, आई आजारी आहे, ती काय शिकवणीची बाहुली आहे? अक्कांनी त्याला जवळ बोलावलं आणि अडखळत म्हणाल्या, "आरं, मला तर रोज उचलायचंच हाय. मग चार जनी शिकल्या तर काय बिगडलं?" त्यानंतर तो मावश्या येणार त्या दुपारी बाहेरच्या दुचाक्या बाजूला काढून जागा करून ठेवायला लागला. मावश्या आधी बिचकत. अक्कांच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय... पण अक्का खाटेवरून गुण द्यायच्या. "हिचा हात थंड हाय. आदी चोळून ये." "ही बरी. पर घाई करतीया." एका मावशीनं त्यांना फार सफाईनं कुशीवर वळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हां. आता मी मानूस हाय असं वाटलं." ती मावशी, बाळासाहेबांकडची, घरी जाईपर्यंत कुणाशी बोलली नाही. बाळासाहेबांनी मला फोन करून विचारलं, तिला काय झालंय, गप गप आहे. मी म्हटलं, तिला बक्षीस मिळालंय.

एकदाच मी अक्कांना हरलेलं पाहिलं. दुपारची वेळ होती, मावश्या गेल्या होत्या, वैशाली कपडे वाळत घालायला वर गेली होती. मी शेजारी बसले होते. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मीनल, दुसऱ्यानं धुवायचं म्हंजी लई वंगाळ वाटतंय गं." मी खुर्ची जवळ ओढली. "आख्खा जलम मी म्हनत आले मानसांना, लाजू नका, नर्सला कसली लाज. किती सोपं वाटायचं म्हनायला." डाव्या हातानं त्यांनी डोळे पुसायचा प्रयत्न केला, तो नीट पोचेना, मी फडकं घेतलं. त्या म्हणाल्या, "इचार आदी." मी विचारलं, "अक्का, पुसू का?" त्यांनी मान हलवली. मग मी पुसले. थोड्या वेळानं त्या पुन्हा बोलल्या, आणि आता आवाजात नेहमीची धार होती. "मी सांगत हुते त्ये खोटं न्हवतं. पर आर्धं हुतं. हे उरलेलं आर्धं सांगायला मला येळ मिळाला, बरं झालं." त्या आठवड्याच्या बुधवारच्या संदेशात त्यांनी हेच सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन, काहीही न लपवता. मी आज जे लिहिते आहे ते त्यामुळेच लिहू शकते.

त्या गेल्या त्या दिवशी मी भुकूमच्या मागच्या आळीत पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वेगवेगळ्या घरांतल्या मावश्या, ज्या निघू शकल्या त्या, भिंतीकडेला उभ्या होत्या. शेवटच्या आंघोळीसाठी अक्कांना खाटेवरून खाली घ्यायचं होतं. भावकीतले पुरुष पुढे झाले. तेव्हा लतामावशी, जी चारचौघांत कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "थांबा. आमी घेतो त्यांना." पुरुष थबकले. अक्कांच्या मुलानं मान हलवली. चौघी पुढे आल्या, दोघी डोक्याकडे, दोघी पायांकडे, चादरीच्या कडा मुठीत गुंडाळल्या. लतामावशीनं त्याआधीच आपले तळवे एकमेकांवर चोळले होते. मग ती अक्कांच्या कानाशी वाकली आणि नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाली, "अक्का, उचलतोय बरं का." आणि एका दमात, एकही धक्का न बसता, त्यांनी अक्कांना खाली घेतलं. अंगणातल्या म्हाताऱ्या बायका सांगत होत्या, असं उतरवलेलं आम्ही कुठे पाहिलं नाही.

आता दीड महिना होऊन गेला. बुधवारचा संदेश वैशाली करते. तिची भाषा वेगळी आहे, ती शाळा-कॉलेज केलेली, "आज तीन विषय आहेत" असं म्हणते, आणि पाच मिनिटांऐवजी कधी कधी सात मिनिटं घेते. पण परिपत्रकं वाचते, फोन उचलते, आणि अक्कांच्या शेवटच्या तीन महिन्यांत जे तिनं हातानं केलं ते आमच्यापैकी कुणीच केलेलं नाही. गटात दोन नवी घरं आली आहेत. सगळं सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही. माणसं कमी पडतात, नियम बदलतात, कुणीतरी कुठेतरी पडतं. पण पडलं की त्याच दिवशी सगळ्यांना कळतं. मला या कामाची भीती वाटत नाही आता.

पुढच्या खोलीतली खाट अजून तिथेच आहे. अक्कांच्या मुलानं ती काढायची म्हटलं होतं, मग स्वतःच म्हणाला, राहू दे, मावश्या येतील. त्या येतात. गेल्या आठवड्यात कासारसाईहून एक नवीन मावशी आली, रेखा, जालन्याकडची, चाळिशीची, याआधी लोकांकडे स्वयंपाकाची कामं करणारी. शिकवायला लतामावशी होती. आता खाटेवर कोण झोपणार असा प्रश्न आला, वैशालीला दुकानात जायचं होतं, म्हणून मी झोपले. इतकी वर्षं या कामात आहे, पण खाटेवर आडवी होऊन वर बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. छत फार लांब वाटतं. माणसांचे चेहरे खालून ओळखू येत नाहीत, हनुवट्या दिसतात. रेखा आणि लतामावशी माझ्यावरून एकमेकींशी बोलत होत्या, आणि बोलता बोलता रेखानं माझ्या खांद्याखाली हात घातला. मी खाटेची कड घट्ट धरली. मी काही म्हणायच्या आत लतामावशी तिला म्हणाली, "थांब. त्यांना सांगितलंस का?"

रेखानं हात काढून घेतला. क्षणभर ओशाळली. मग खाली वाकून तिनं तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणला, इतका जवळ की तिचे डोळे मला नीट दिसले, आणि म्हणाली, "ताई, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेते. घेऊ का?"

मी "घे" म्हणाले, तेव्हा तिनं हात लावला.